जुळणारी सही

ता. ४ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

मी इथे ठीक. बंदरावर जहाजांचा गंज खरवडायचं काम चालू आहे. दोरीला लोंबकळतो, खाली पाणी, वर मुकादमाच्या शिव्या. खुशाली संपली.

आता ऐक. माझ्या जोडीला आपल्या शेजारच्या गावचा एकजण आहे, उंच म्हणून सगळे त्याला उंट म्हणतात. त्याच्या भावाने कृषी कार्यालयाच्या दारावरच्या पीक अनुदानाच्या यादीचा फोटो पाठवला. त्यात माझं नाव! ओढ्याकाठचा तुकडा, सूर्यफूल, सलग तीन वर्षं. तू तर दरवेळी लिहितोस, माझ्या वाटणीच्या तुकड्यात काटेरी गवताशिवाय काही उगवत नाही. गवताला सरकार कधीपासून पैसे द्यायला लागलं? अर्जावर मी सही केलेली नाही. मग कुणी केली? पैसे आपल्या जोडखात्यात येतात आणि पासबुक तुझ्या उशाखाली असतं. तो तुकडा माझा आहे, दादा. एक दिवस परत येऊन मीच तो कसणार आहे. पंधरा दिवसांत कबूल हो, नाहीतर कृषी कार्यालयाच्या साहेबाला लिहितो.

वहिनीला नमस्कार, यात तिचा हात नसेल तर.

तुझा धाकटा

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पत्र मिळालं. निम्मं कळलं, निम्मं तुझ्या अक्षरात अडकलं. सही मीच केली, घे. भर पेरणीत अर्ध्या शेतात औत सोडून तू बस गाठलीस, ते पुढे कुणी धरलं? गवत म्हणालो, कारण पीक म्हणालो असतो तर तू दुसऱ्या बसने हिस्सा मागायला आला असतास आणि तिसऱ्या बसने पळाला असतास.

आणि तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण ठोकायचं रे? तेव्हा तुझी पाठ वाचत होती, तेव्हा नाही गुन्हा दिसला! खुशाल लिही साहेबाला. हात दाखवून अवलक्षण करून घेशील.

वहिनी विचारते, खोकला गेला का. मी विचारत नाही. आशीर्वाद आहेत, पण हात आखडता घेतलाय.

दादा

ता. २७ एप्रिल

दादास,

ती. आणि सा. न. या वेळी मुद्दाम गाळलंय.

साहेबाला लिहिलं, उत्तर आलं. म्हणे तुमच्या तक्रार अर्जावरची सही गेल्या तीन वर्षांच्या सहीशी जुळत नाही, सबब अर्ज खोटा दिसतो. दुसऱ्याच्या नावाचं अनुदान लाटायला परत आलात तर कारवाई करू. म्हणजे माझ्याच नावाचा मी चोर! खोलीतले आठही जण पोट धरधरून हसले. उंट म्हणाला, दादाकडून स्वतःचं नाव भाड्याने आण.

पण कारकून भला माणूस. नमुना म्हणून त्याने तुझ्या सहीची झेरॉक्स जोडली होती. ती मी खाटेशेजारच्या भिंतीला चिकटवली. रोज जहाजाच्या पत्र्यावर खडूने सही काढतो, मग गंजाबरोबर खरवडून टाकतो. शेपटीला अजून तोच बाक आहे, प्रगतिपुस्तकावर असायचा तो. खोटं कशाला सांगू, तो बघून पहिले दोन दिवस हात उचलेना. तिसऱ्या दिवशी उचलला.

आता जमली. खाली केली आहे, ताडून बघ. असल्याच सहीचे दोन अर्ज गेल्या सोमवारी कार्यालयात गेले. एक, अनुदान माझ्या एकट्याच्या खात्यात जमा करायचा. दुसरा, तुकडा मोजून वेगळा करायचा; तो तिथून मोजणी खात्याकडे गेला. सही जुळली, असं कारकुनाने स्वतः कळवलं. दहा तारखेला मोजणीवाला येईल, मीही येईन.

सही माझी नाही अशी तक्रार तुला करता येईल. फक्त आधीच्या तीन कुणाच्या, तेही सांगावं लागेल.

खोकला आहे अजून, वहिनीला सांग. औत कुठे ठेवलंय तेवढं तिला विचारून ठेव. लोभाचं काय करायचं ते तुझं तू बघ.

तूच घडवलेल्या सहीचा,
धाकटा