आग्नेय कोपऱ्यातला पाहुणा

४ सप्टेंबर २००४
आले बाई एकदाची अमेरिकेत! यशोधनने न्यू जर्सीत अडीचशे वर्षांचं घर घेतलंय, इंग्रज शेतकऱ्याने बांधलेलं. मी चौथी शिकलेली, पण गवंड्याची लेक. विटा कळतात मला. एक वीट लांबीने, एक तोंडाने, आणि तोंडं भाजून निळी-काळी. अख्खी भिंत चौकड्याच्या लुगड्यासारखी! जिना कपाटासारख्या दारामागे लपलेला. स्वयंपाकघरातलं चुलाण एवढं, की बैल मावेल. सूनबाई हिमानी म्हणते, आई, फायरप्लेस म्हणा. म्हणते बापडी.

१२ सप्टेंबर
वास्तुशांत झाली. वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरायचा, पण तिथे नेमकं चुलाण. मीच त्यातली सैल वीट उपसली. मागे पोकळी होती. मूर्ती आत ठेवली, पुरणपोळी सरकवली, म्हटलं, ज्याचं घर त्याने रोज पोटभर जेवावं. भटजी चिडले, आजी, देवाचं नाव घ्या, असं मोघम आमंत्रण देऊ नका! फार शहाणे.

१६ सप्टेंबर
रोज त्या पोकळीत ताट ठेवते, रोज लख्ख. यशोधन म्हणतो उंदीर. उंदीर मिरच्या निवडून ताटाच्या कडेला ठेवतो का रे?

२० सप्टेंबर
नात वल्लरी, चार वर्षांची, त्या भोकाशी बसून इंग्रजीत गप्पा मारते. मला सांगते, आतले काका अजून भुकेले आहेत. तिने आपलं दूधही त्यांना दिलं. डोकं फिरलं माझं. ताट बंद! वीट सिमेंटने घट्ट लिंपली.

२२ सप्टेंबर
लिंपलेली वीट खाली. शेजारच्या चारही. धक्का आतून दिलाय. यशोधन म्हणे, जुनं घर आहे आई, सेटल होतंय. अस्सा राग आला! इंजिनिअर म्हणे!

२३ सप्टेंबर
वल्लरीच्या दंडावर दातांचे वळ. मोठ्या माणसाचे. हिमानी म्हणते, शाळेतल्या पोरीने चावलं असेल. कुणाला दिसत कसं नाही? मेल्या, पोरीला हात लावशील तर —

२४ सप्टेंबर, दुपार
दोघं कामावर. वही घेऊन चुलाणासमोर बसलेय. पहारा. पाण्याला उठले तेवढ्यात —

वल्लरीचा हात खांद्यापर्यंत भोकात. ओढली, सुटेना. ओरडले, जेवायला मी बोलावलं तुला, तिने नाही! मला धर! डावा हात घातला —

त्याने सोडली तिला, मला धरलं. शेजारच्या सुलेखाकडे पळवली. पोहोचली, खिडकीतून दिसलं.

हात निघत नाही. उजव्याने लिहितेय. यशोधन, पोरीला इथे आणू नकोस. मी हाक मारली तरी — माझ्या आवाजात हाक आली तरी —

कोपर गेलं. खा मेल्या, पण तिला —