चढावरचे घर ग्लेंडाला

मी, व्हर्ना जीन स्टटलर, वय चौपन्न, राहणार बेल्डन, वेस्ट व्हर्जिनिया, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे ते आज ठरवून ठेवत आहे. कर्करोगाने शरीर संपत आले असले तरी डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. लिहून होईपर्यंत मी वेदनेची गोळीही घेतलेली नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. वकीलबाई मिस ओडम यांनी मऊ वागण्याचा आग्रह केला, तो मी मानला नाही. यापूर्वीचे माझे सर्व कागद रद्द समजावेत.

१. माझे दहन करावे. चर्चमधल्या बायकांनी जेवण घेऊन येऊ नये. माझा पाय कापला तेव्हा त्यांपैकी एकही आली नव्हती.

२. बँकेत असेल ते दहनाला लागेल. शिल्लक दोन हजार डॉलरच्या वर गेली की अपंगांची मासिक मदत थांबते, म्हणून सत्तावीस वर्षांत मी काही साठवू शकले नाही. राहते घर मात्र त्या मर्यादेत धरत नाहीत. कारखान्यात काचेच्या पेट्या पाठीवर कोसळून माझे कमरेखालचे अंग लुळे पडले. त्याच्या भरपाईतून हे घर घेतले. माझे म्हणावे असे एवढेच.

३. शिवणयंत्र आणि मोठा फ्रीज लुएला प्रुइटला द्यावा. ती मला उठवायला, धुवायला येते. माझी मदत बंद होती तेव्हा तिचा त्यातून येणारा पगारही बंद झाला, तरी दर रविवारी ती येत राहिली. रविवार पुरेसा नव्हता, हा तिचा दोष नाही.

४. राहते घर, जमिनीसह, माझी थोरली बहीण ग्लेंडा हिला थेट तिच्या नावावर द्यावे.

याचे कारण लिहिते. अकरा वर्षांपूर्वी आईने तळ्याकाठचे कॅबिन आम्हा दोघींच्या नावे करायचे ठरवले. मी ग्लेंडाला फोनवर म्हटले, "माझं नाव घालू देऊ नकोस. मी राहत नसलेलं घर माझ्या नावावर आलं की माझं सगळं बंद होईल."

ती म्हणाली, "म्हणजे लोकांनी म्हणायचं, ग्लेंडानं पांगळ्या बहिणीला डावललं? मला नाही चालायचं ते."

आई गेली. अर्धे कॅबिन माझे झाले आणि मदत थांबली, औषधोपचाराचे कार्ड गेले. मी म्हटले, विकू या. ती विकेना. मग माझा वाटा घे म्हटले. "उन्हाळ्यात बघू," म्हणाली. असे चौदा महिने. रविवारखेरीज कूस बदलायला कोणी नसल्याने जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. इस्पितळातल्या खाटेवर मी माझा वाटा तिला जवळजवळ फुकट लिहून दिला. कार्यालयाने म्हटले, मालमत्ता मुद्दाम स्वस्तात काढली. आणखी नऊ महिने मदत नाही.

आता कॅबिन गेले आहे, नवरा गेला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्याने तिची डावी बाजू लुळी पडली. ती चाकाच्या खुर्चीत आहे, भाड्याच्या एका खोलीत राहते आणि तीच मदत घेते.

मिस ओडम म्हणाल्या, "अहो, विश्वस्त नेमून घर त्यांच्याकडे ठेवता येईल. तिच्या मदतीला धक्का लागणार नाही."

"विश्वस्त नको."

"मग तिनं वारसा नाकारला तरी कार्यालय म्हणेल, मुद्दाम सोडला. तुम्हाला कळतंय ना हे?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"इथं राहायला आली तर मात्र सुटेल. राहतं घर धरत नाहीत."

त्यासाठी पुढचे कलम.

५. रस्त्यापासून दारापर्यंत माझ्या चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी रॅम्प आहे. मी गेल्यावर, घर ग्लेंडाच्या नावावर होण्यापूर्वी, तो मुळापासून उखडावा. आत न्हाणीघरातल्या पकडदांड्या काढाव्यात. रॅम्पखाली जुन्या नऊ दगडी पायऱ्या आहेत, त्या तशाच ठेवाव्यात. कारखाना बंद पडल्यापासून या चढावरचे एकही घर विकले गेलेले नाही, हे मला माहीत आहे.

६. हे सर्व अमलात आणण्यासाठी मिस ओडम यांना नेमते.

७. ग्लेंडाने तीन आठवड्यांपूर्वी फोन केला होता. तिचे तोंड वाकडे झाल्याने शब्द नीट फुटत नाहीत. "व्हर्ना," म्हणाली, "त्या वेळी मला खरंच कळलं नाही गं. मला माफ कर."

मी म्हटले, "केलं."

ती खूप वेळ रडली. मी फोन ठेवला नाही, तिचे रडणे संपेपर्यंत ऐकले. मग मिस ओडम यांना बोलावले.

सही: व्हर्ना जीन स्टटलर

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे वाचून सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही करत आहोत.
साक्षीदार: रॉस्को टीटर, शेजारी
साक्षीदार: आयडा मे कॉफमन, टपाल कार्यालय

ठिकाण: बेल्डन
दिनांक: १४ मार्च २०१९