जेवणानंतर एक

प्रिय रेणू,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मराठी वाचताना तू अडखळतेस, ठाऊक आहे. पण हे फोनवर सांगायला गेले, तर 'आई, तू पण ना' म्हणून तू विषयच संपवशील.

तू पुण्याहून पाठवलेली गोळ्यांची तिसरी बाटली काल मिळाली. बी-बारा, डी, कॅल्शियम, जस्त. एवढं सगळं एका माणसात कमी असतं होय गं? खालच्या जयवंताबाई गोळ्या म्हटलं की नाक मुरडतात, गूळ-शेंगदाणे खा म्हणतात. मी तुम्हा दोघींनाही हो म्हणते. गोळी घेतलीस का, असं तू रोज विचारतेस आणि मी घेतली म्हणते. ते खोटं होतं. पहिल्या बाटलीचंही सील फोडलेलं नाही.

मंगळवारी चिक्कडपल्लीच्या बाजारात तोटकूराची, आपल्या माठाची, जुडी निवडताना डोळ्यांपुढे अंधारी आली. भाजीवालीनं सावरलं, पडले नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-बारा खरंच कमी आहे, तेवढी गोळी घ्यायलाच हवी, बाकीच्यांची गरज नाही म्हणाले. मी सांगून बसले की बाटलीवर 'जेवणानंतर' लिहिलंय, म्हणून राहून जाते. मग दिवसभरात काय खाता, ते त्यांनी विचारलं. चहा, टोस्ट, कधीमधी दहीभात. ते हसले नाहीत. म्हणाले, "गोली किसके बाद खाते अम्मा? खाना तो हैच नहीं."

घरी येऊन नुसती बसून राहिले. 'आमच्याबरोबर जेवायला बस' म्हणून तू किती भांडायचीस, आठवतं? मला जमलंच नाही. तुझी आजी, बाबा, तू, सगळ्यांची ताटं उचलली की मी पातेल्यात उरलेलं घेऊन बसायची. भूकही तेव्हाच लागायची. बाबांना जाऊन दहा महिने झाले. कुकर लावते, शिट्ट्या होतात, पण आधी जेवणारं कुणी नाही, तर माझी वेळच येत नाही. फार एकटं वाटतं गं. तुला हे कधी म्हटलं नव्हतं.

बी-बाराची पट्टी इथल्या दुकानातून आणलीय, आता बाटल्या पाठवू नकोस. त्याऐवजी एक मागायला हे पत्र लिहिलं. दुपारी ऑफिसात तुझं जेवण झालं की फोन कर. काय खाल्लंस ते सांग. बाहेरून मागवलेलं असलं तरी रागावणार नाही. तू जेवलीस म्हणालीस, की मी माझं ताट वाढून घेईन. गोळी त्यानंतर.

तुझीच,
आई