नव्या सर्व्हरला न दिसणारा टेप ड्राइव्ह

सर, तुम्ही बसवलेला टेप ड्राइव्ह नव्या सर्व्हरला दिसत नाही. दिवा लागतो, टेप आत ओढली जाते, फिरल्याचा आवाजही येतो. पण पडद्यावर त्याचं नाव येत नाही. लातूरला आलेला इंजिनिअर म्हणाला, "डिस्कच्या कंट्रोलर कार्डालाच टेप ड्राइव्ह जोडलाय. नव्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ह्या कार्डावरच्या टेपसाठी ड्रायव्हरच न्हाई. डिस्क चालतील, टेप न्हाई." म्हणजे आपल्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या जुन्या पेशंटांची सगळी माहिती कपाटातल्या टेपांवर आहे आणि कुणाला वाचता येत नाही.

आमचे हे गेल्यावर तुम्हीच मला सर्व्हरच्या खोलीत कामाला लावलंत, टेप बदलायला शिकवलंत. शाळा अर्धी सोडलेल्या बाईला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून दिलात, हेही मी विसरत नाही. ड्राइव्ह आला तो खंडेनवमीचा दिवस. तुम्ही स्क्रू आवळताय आणि मी खोक्यातला कागद शब्दकोश उघडून वाचतेय. टेपला वेगळं कार्ड द्यावं, असं काहीसं त्यात आहे. मी विचारते, "सर, ह्याचा अर्थ काय?" मान वर न करता तुम्ही म्हणता, "बाई, तुम्हाला टेप बदलायला ठेवलंय. वाचायची हौस असली तर घरी पोथी वाचा." मग हळदीकुंकू लावायची वेळ झाली, तर अकाउंटंटच्या बायकोला बोलावलंत. मला म्हणालात, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मशीन मीच पुसून ठेवलं होतं. मी बाहेर थांबले. आत नारळ फुटल्याचा आवाज आला आणि कुणीतरी हसलं.

परवा नांदेडला ट्रस्टच्या ऑफिसात बोलावणं आलं. टेपा मी बदलते म्हणून बिघाडही माझाच, आता बाईंना घरी बसवा, असं जवळपास ठरवूनच बसले होते. तुम्ही गेल्यावर आता तुमचा मुलगा ट्रस्टी आहे. डोळे तुमच्यासारखेच.

"काकू, इतकी वर्षं तुम्हीच हाताळून राहिल्या. ह्या कार्डावर कुणी जोडलं हे?"

"तुमच्या वडिलांनी."

"बाबा येणार हायेत का आता सांगायला?"

"न्हाईत. म्हणून तर माझ्यावर आलंय."

कोपऱ्यातले एक म्हातारे ट्रस्टी म्हणाले, "लई दिवस गप होत्या बाई, आज एकदम व्याजासकट." कुणीतरी इंजिनिअरला फोन लावला. टेप बदलण्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, जोडणीच मुळात तशी आहे. वेगळं साधं कार्ड लावलं तर टेपा वाचता येतील, असं त्यानं सांगितलं. तुमचा मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "ठीक हाय, मागवा." माझी नोकरी राहिली.

बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं. चाकूरच्या पुढं ते बरं वाटणं ओसरलं. हे पोस्टात टाकायचं नाही, म्हणून लिहिते. वेगळं कार्ड तुम्ही मागितलं होतं, सर. "डिस्कच्या कार्डाला जागा रिकामी हाय की, त्यालाच जोडा," असं ह्याच ट्रस्टनं तुम्हाला फोनवर सुनावलं होतं. तुम्ही पुन्हा विनवलंत, तेव्हा मी दारातच होते. नांदेडला मला ते कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून सांगायचं राहिलं, असं लिहिणार होते. पण राहिलं नाही. मला ते सांगायचंच नव्हतं.