रेमीला वेळ द्या!

सोमवार, ८ सप्टेंबर

एक सामना! अवघा एक सामना झालाय, आणि आज सकाळी पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरचा माणूस खिडकीत वाकून म्हणतो, "कोच, पोराला काही जमत नाही बुवा." पोरगं बावीस वर्षांचं. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर उतरून त्याला पुरते तीन तास झालेत. ह्याच्या स्वतःच्या गाडीचा एक दिवा गेली चार वर्षं बंद आहे. तिला मात्र हा वेळ देतोय.

एप्रिलमध्ये रेमी थिबडोला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणून निवडला तेव्हा बंद खोलीत काय ठरलं होतं? खोलीत मुख्य कोच ग्रिसम, मैदानाबाहेरून डाव सांगणारा पोल्क आणि क्वार्टरबॅकांचा मास्तर म्हणून मी. पहिलं वर्ष रेमी बसणार. सदतीस वर्षांचा गॅरिटी खेळणार, आणि रेमी त्याच्या शेजारी उभा राहून शिकणार. ग्रिसमनं माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं — "ऑगी, वर्षभर त्याला हात लावू देणार नाही कुणाला."

ऑगस्टमध्ये एका सराव सामन्यात रेमीनं साठ यार्डांची एक फेक केली. धावणाऱ्याच्या ओंजळीत जाऊन पडली, फूल टाकावं तशी. ते बसायचं वर्ष तिथेच संपलं! गावानं पोराला डोक्यावर घेतलं. आता आपटायला सोपं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

कॅलिफोर्नियाहून एक तज्ज्ञ आणलाय. फेकण्याचा तज्ज्ञ. पांढरे बूट, पांढरे दात.

ग्रिसम म्हणतो, कोपर वर. पोल्क म्हणतो, कोपराचं सोडा, पाय बघा पाय. तज्ज्ञ म्हणतो, सगळं अंग ढिलं सोड. तिघं एकाच वेळी, एकाच पोराला, एकाच मैदानावर. रेमी हातात चेंडू घेऊन मान हलवतोय. कुणालाच नाही म्हणत नाही, हा त्याचा मोठा दोष.

शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच — "कोच, कोपर वर घेऊन ढिलं कसं सोडायचं?"

"तू फेक रे. कोपराचं मी बघतो."

हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

रविवार, १४ सप्टेंबर

हरलो. दुसऱ्याच सामन्यात लोक गॅरिटीच्या नावाचा गजर करत होते. गॅरिटी एवढा लाडका का? कारण तो खेळत नाही! गेल्या वर्षी खेळत होता तेव्हा ह्याच लोकांनी त्याच्या अंगणात "निघून जा" अशी पाटी रोवली होती. गॅरिटीनं ती जपून ठेवलीय. त्यावर टोमॅटोचा वेल चढवलाय म्हणे.

गजर सुरू झाला तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "ऑगी, मी बाथरूमला जाऊन येऊ का? तेवढा वेळ तरी दिसणार नाही ह्यांना."

मंगळवार, १६ सप्टेंबर

वांडाच्या खानावळीत गेलो. ऑगस्टमध्ये तिनं फळ्यावर रेमीच्या नावाचं सँडविच लिहिलं होतं. तो लुइझियानाचा, म्हणून तळलेली कोळंबी घातलेलं. आज फळा पुसलेला. पुन्हा पहिल्यासारखं सॉसेज आणि पिएरोगी, त्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या.

"वांडा, हे काय?"

"खपत नाही रे."

"दोन आठवडे तरी ठेवायचंस!"

"दोन आठवडेच ठेवलं. कोळंबी ह्याहून जास्त टिकते का कुठे?"

अख्खं गाव हसलं. मी रागानं दोन प्लेट पिएरोगी खाल्ले.

रविवार, २१ सप्टेंबर

हरलो. सात वेळा पाडला त्याला. सात वेळा उठला. पाडलेलं सगळ्यांनी मोजलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

आता नवीन शब्द सापडलाय — मंद. "पोरगं मंद आहे." टीव्हीवरचे दोघे, रेडिओवरचा तो फुगलेला गृहस्थ, आणि आज तर आमच्या स्वतःच्या बैठकीत पोल्कसुद्धा! "डोकं चालायला वेळ लागतो त्याचं. डाव सुरू होतो त्या ओळीवर जाऊन उभा राहतो आणि बघतच बसतो."

रेमी मंद? डावांची ती जाडजूड वही त्यानं अकरा दिवसांत पाठ केली. मला स्वतःला अजून सगळी येत नाही.

दिवसभर सामन्याची चित्रफीत बघितली. पोल्कनं खेळाडू बघितले असतील. मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. एक डाव संपला की चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात पुढचा सुरू व्हायलाच हवा. रेमी ओळीवर पोचतो तेव्हा त्यावर कधी सहा, कधी पाच. एकदा तर तीन! बघत बसायला ह्याच्याकडे वेळ आहेच कुठे?

मग उरलेले सेकंद खातंय कोण?

बुधवार, २४ सप्टेंबर

कोण खातंय ते कळलं. माझी बायको नोरीन अंडी उकडताना वापरते ते घड्याळ खिशात घालून सरावाला गेलो.

पोल्क डाव सांगतो तो रेमीच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर. चाळिसातले पंचवीस सेकंद तो रेडिओ चालू असतो. मग नियमानं आपोआप बंद. राहिलेल्या पंधरात पोरानं तो डाव दहा जणांना सांगायचा, ओळीवर जायचं, समोरचे कसे उभे आहेत ते बघायचं आणि चेंडू मागायचा. समंजस माणूस आठ सेकंदांत डाव सांगून मोकळा होतो.

पोल्क आधी तीन सेकंद विचार करतो आणि मग बोलायला बावीस घेतो. बावीस! "उजवीकडे जोडी, डावा आत, झिग, दोनशे चौदा, हरिण, मागे गाय, आवाज दुसऱ्यावर — आणि रेमी, हे बघ, तो चोपन्न नंबरचा पुढे आला ना तर —" ह्या 'तर'वर रेडिओ बंद. 'तर'च्या पुढचं आजवर कुणीही ऐकलेलं नाही.

मीही तो रेडिओ रोज कानाला लावून हिंडतो. मला कसं कळलं नाही? पोल्कच्या आवाजाची सवय झालीय. फ्रिजच्या आवाजाची होते तशी.

रविवार, २८ सप्टेंबर

हरलो. खिशात अंड्यांचं घड्याळ. बावीस, चोवीस, तेवीस. अकरा वेळा पोल्क बोलता बोलता कापला गेला. तिसऱ्या सत्रात रेमी आमच्याकडे वळून दोन्ही हात पसरून उभा राहिला — पुढे काय? टीव्हीवर तेवढंच चित्र पुन्हा पुन्हा. "पाहा, गोंधळलाय."

सोमवार, २९ सप्टेंबर

बोललो. ग्रिसमच्या खोलीत, पोल्कच्या तोंडावर. कागदावर सगळे आकडे लिहून नेले होते. म्हटलं, सोपं आहे. डावांना नंबर द्या, यादी पोराच्या मनगटावर बांधा. पोल्कनं "एकतीस" म्हणायचं आणि गप्प बसायचं.

पोल्क लाल! "माझे डाव म्हणजे हॉटेलातला नाश्ता आहे का, नंबर सांगून मागवायला?"

"निदान नाश्ता वेळेवर येतो, पोल्क."

ग्रिसम खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर काही नाही, गाड्या उभ्या करायची जागा आहे. "ऑगी, पुढचा रविवार बघू. नाही जमलं तर सोमवारी पोराला बसवू. गॅरिटी तयार आहे."

तेव्हा माझा आवाज चढला. वर्षभर बसवणार होतात तेव्हा बसवलं नाहीत! तेव्हा बसला असता तर शिकला असता. आता सगळ्या गावासमोर उठवून बसवलात तर तो शिकणार नाही, मोडेल. लँडन प्रूइट आठवतोय का? त्यालाही ह्याच खोलीतून सहाव्या सामन्यानंतर बसवला. पुढच्या वर्षी साधी दहा यार्डांची फेक टाकताना हात थरथरायचा त्याचा. आता आयोवात ट्रॅक्टर विकतो. नाताळला अजून फोन करतो. मी नीट बोलूही शकत नाही त्याच्याशी.

"प्रूइट वेगळा होता," ग्रिसम म्हणाला.

वेगळा कसला! प्रूइटही "बरं, कोच" म्हणायचा.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

रेमीच्या आईचा फोन. नंबर कुठून मिळवला देव जाणे.

"कोच, तुमच्या खेळातलं मला काही कळत नाही. एवढंच सांगा, पोरगं जेवतं का?"

"जेवतो, बाई."

"खोटं बोलू नका. आवाजावरून कळतं मला त्याच्या." मग — "तुम्ही आहात ना तिथे?"

"आहे."

"मग झालं तर."

रविवार, ५ ऑक्टोबर

एकतीस गुणांनी हरलो. पोल्क सव्वीस सेकंदांपर्यंत पोचला. म्हणजे रेडिओ बंद झाल्यावरही बोलत होता.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अजून खरं वाटत नाही. लिहून काढतो.

सकाळी मालकीणबाईंनी बोलावलं. मिसेस लिंडक्विस्ट, वय एक्क्याऐंशी. संघ त्यांच्या वडिलांचा होता. मला वाटलं, नोकरी गेली, आपली पेटी भरायची वेळ आली. तर म्हणाल्या, "ग्रिसमला आणि पोल्कला मी घरी पाठवलं. उरलेला मोसम मुख्य कोच तुम्ही. डावही तुम्हीच सांगा. तुम्ही त्या अंड्यांच्या घड्याळाचं भांडण केलंत म्हणे?"

"हो."

"मला आवडलं. माझी तिन्ही अंडी रोज बिघडतात." मग चष्मा काढून, माझं पूर्ण नाव घेऊन — "ऑगस्ट, पोराला खेळू द्या. हरलात तरी चालेल. गाव ओरडेल, ओरडू दे. मला घाई नाही. ह्या वयातही नाही."

सव्वीस वर्षं ह्या धंद्यात आहे. असं वाक्य कुणा मालकाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

घरी येऊन नोरीनला सांगितलं. ती म्हणाली, "आता कुणावर चिडणार?"

रविवार, १२ ऑक्टोबर

जिंकलो! जिंकलो! मनगटावर यादी, माझ्याकडून फक्त नंबर. सात सेकंदांत मी गप्प. रेमी ओळीवर पोचला की घड्याळात सोळा-सतरा. आरामात उभा राहून समोरच्यांना वाचत होता, सकाळचा पेपर वाचावा तसा. तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार, तीन टचडाउन. गॅरिटी माझ्यापेक्षा उंच उडत होता. ह्या वयात!

मंद म्हणे! कुठे गेले ते सगळे? पंपावरचा माणूस? रेडिओवरचा फुगलेला? एकानं तरी येऊन म्हणावं — ऑगी, चुकलं आमचं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

वांडानं फळ्यावर सँडविच परत लिहिलंय. ह्या वेळी माझ्या नावाचं. मी म्हटलं पूस, रेमीचं लिही. पुसलं नाही. खरं सांगायचं तर मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

हरलो. त्याच्या तीन फेका पाहुण्यांच्या हातात गेल्या. होतं असं. नवखा आहे. पत्रकारांना हेच सांगितलं, आवाज न चढवता.

एक फेक मात्र अगदीच नको होती. चेंडू फार वेळ धरून बसला आणि मग टाकला.

बुधवार, २२ ऑक्टोबर

माझी मुलाखत राष्ट्रीय वाहिनीवर. प्रश्न असा — पुढच्या वर्षीही मुख्य कोच तुम्हीच का? म्हटलं, ते मोसमावर अवलंबून आहे. हे बोलेपर्यंत मी तसा विचारही केला नव्हता. आता दुसरा विचार येत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

एका गुणानं हरलो. एका! शेवटच्या डावात डावीकडचा माणूस मोकळा, हात वर करून उड्या मारतोय, आणि रेमी उजवीकडे बघतोय. मी हातातला डावांचा कागद फाडला. सगळ्यांसमोर ओरडलो त्याच्यावर. सतरा सेकंद होते त्याच्यापाशी. सतरा! गॅरिटीनं तो माणूस झोपेतही बघितला असता.

गाडीत बसल्यावर मालकीणबाईंचा फोन. "हरतो माणूस कधीमधी. पोर बरं आहे ना?"

बरं आहे म्हणालो. विचारलं नव्हतं त्याला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवसभर चित्रफीत. गॅरिटी दुपारी खोलीत डोकावला. "ऑगी, माझा विचार करत असशील तर करू नकोस. मला टोमॅटोच बरे." मी म्हटलं, तुला विचारलंय कुणी?

मंगळवार, २८ ऑक्टोबर

रविवारी गॅरिटी खेळेल. मालकीणबाईंनी सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. सकाळी रेमीला बोलावून मीच सांगितलं. उभाच होता. "बरं, कोच," म्हणाला, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.