आचलच्या लग्नाचं चलान

वलगाव, ३ मार्च २०२५

चि. सौ. मैनास अनेक आशीर्वाद,

इकडे सर्व खुशाल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि काम लेखी आहे, म्हणून पत्र. आचलच्या लग्नाच्या दिवसाचं मोबाईलवर चलान आलं आहे. हायवेवरच्या कॅमेऱ्याचं म्हणणं की मूर्तिजापूरच्या पुढे माझी गाडी ताशी एकशे बारानं धावत होती. माझी! जन्मभर एसटी चालवली, बिनअपघाताचा बिल्ला मिळवला, आता तर सायकलवालेही मला मागे टाकून रामराम घालतात. दंडाचं काही नाही गं, पण महिनाअखेरीस डेपोत नव्या ड्रायव्हरांपुढे माझं भाषण आहे, सावकाश चालवण्यावर. कोणत्या तोंडानं उभा राहू?

यंत्र खोटं बोलतं अशी तक्रार टाकली आहे. सोमवारी वाहतूक शाखेच्या साहेबांनी बोलावलं आहे. तू फक्त चार ओळी लिहून सही करून पाठव की नवरीचा मामा मंगलाष्टकं संपल्यावर पोचला. कुलदीपच्या लग्नात उशीर केलेलाच आहे, कोणी शंका घेणार नाही.

पोरांना आशीर्वाद. माया आहेच, या खेपेला ती सहीसकट पाठव.

तुझा,
पंजाबराव

अकोला, ६ मार्च २०२५

ती. भाऊस सा. न. वि. वि.,

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. माझ्या कुलदीपच्या लग्नात तू रमतगमत आलास, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. नवरदेवामागे मामा म्हणून चुलत्याचा वामनराव उभा करावा लागला आणि दोन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. या वेळी तू अंतरपाट धरायच्या आत आलास. आचलच्या मागे उभा राहिलास, तेव्हा व्याह्यांकडच्या प्रत्येक बाईला मी सांगत सुटले की हा माझा सख्खा भाऊ. आणि आता लिहून देऊ की मामा वेळेवर आलाच नाही? हात तुटला तरी लिहिणार नाही.

शिवाय तुझा तो मेसेज वहिनीनं आचलला पाठवला. तिनं त्यातला फोटो मोठा करून मलाही पाठवला. भाऊ, स्टेअरिंगमागे गुलाबी फेटा आहे! पोचल्यावर वेळ जाऊ नये म्हणून घरूनच बांधून निघालास ना? म्हणे यंत्र खोटं. चोराच्या उलट्या बोंबा.

वहिनीस नमस्कार. सही सोडून जे मागशील ते देईन.

तुझी,
मैना

वलगाव, ११ मार्च २०२५

चि. सौ. मैनास आशीर्वाद,

साहेबांनी फोटो स्क्रीनवर लावला. मग विचारलं की काका, हे फेटेवाले कोण? मी म्हटलं की मीच, नवरीचा मामा. तक्रार मागे घेतली, दंड भरला. बाहेर बसलेली तुझी वहिनी म्हणाली की फेटा काढून चालवली असती तर डोक्याले हवा तरी लागली असती.

खरं सांगतो. निघतानाच टायर बसला. बदलून निघालो तर बडनेऱ्यापासून डोळ्यांपुढे एकच, माझ्या जागी पुन्हा वामनराव उभा आहे. वेगाचा काटा कुठे गेला ते पाहिलंच नाही. यंत्रानं पाहिलं. डेपोतलं भाषण मी नको म्हणून कळवलं. बिल्ला पेटीत ठेवला आहे.

सर्वांना आशीर्वाद. रागावू नकोस.

तुझा,
पंजाबराव

अकोला, १५ मार्च २०२५

ती. भाऊस सा. न. वि. वि.,

परवा तो फोटो पुन्हा पाहिला, एकटीच. पहिल्यांदा फेट्याला हसण्यात लक्ष गेलं नव्हतं, तुझ्या अगदी खेटून एक ट्रक चालला आहे. दोन वर्षं अबोला धरला मी, त्या धाकानं तू असा आलास. मला वेळेवरचा मामा हवा होता, पण भाऊ त्याहून जास्त हवा आहे.

डेपोत जा आणि भाषण दे. जे घडलं तेच सांग, पोरं ऐकतील.

पुढच्या महिन्यात कुलदीपच्या बाळाचं जावळ आहे. मांडीवर घ्यायला त्याचा मामा आहे, तुझी घाई नाही. सावकाश ये. पंगती उठल्या तरी चालेल, मी जेवायची थांबते.

वहिनीस नमस्कार. लोभ आहे तो जपून आण.

तुझी,
मैना