काम क्रमांक एक मी घेतलं आहे

२ ऑगस्ट १९९३
पुण्याहून भाच्याचं पाकीट आलं. अमेरिकेत एक संस्था आहे. ती कॉम्प्युटरची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करून जगाला फुकट वाटणार म्हणे. त्यासाठी स्वयंसेवक पाहिजेत. सोबत कामांची यादी, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर. एकूण त्रेसष्ट कामं. शिवाय याद्या क्रमानं लावून देणाऱ्या एका प्रोग्रामची फ्लॉपी आणि त्याच्या मॅन्युअलची झेरॉक्स. जो काम करील त्याचं नाव मॅन्युअलच्या शेवटी छापतात.
परभणीच्या या कॉलेजात एकवीस वर्षं झाली. सीनियर क्लार्क, आणि गेल्या वर्षापासून कॉम्प्युटर रूमचा इनचार्ज. माझं नाव आजवर फक्त सेवाज्येष्ठता यादीत आलं, तेही सायक्लोस्टाईलवर, पुसट. एकदा नीट छापून आलं पाहिजे. बाकी हल्ली कशाचं फारसं काही वाटत नाही.

३ ऑगस्ट
यादी वाचली. काम क्रमांक एक: सिस्टीमचा गाभा लिहिणे. काम क्रमांक त्रेसष्ट: नवख्या माणसाने मॅन्युअल वाचावे, त्यातली उदाहरणे करून पाहावीत, कळत नाही तिथे खूण करावी. मी एक घेतलं. औरंगाबादला तीन महिन्यांचा कोर्स केला आहे, तो वाया जायला नको.
वर लिहिलं आहे की कोणीही कोणतंही काम घ्यावं, परवानगी लागत नाही. अमेरिकेत चालत असेल. आमच्याकडे सेवाशर्ती आहेत.

५ ऑगस्ट
'परदेशी संस्थेचे काम विनामोबदला करण्यास ना-हरकत मिळणेबाबत' असा अर्ज, थ्रू प्रॉपर चॅनल, तीन प्रतींत. हेडक्लार्क भगवानरावांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बन्सीधरराव, फुकट काम करायला परवानगी कशाला लागायलीय तुमाला?" माणसाची झेप असते तेवढीच असते.
अर्ज टाईप केला कुसुमबाईनं. ती दोन वर्षांपासून रोजंदारीवर टायपिस्ट आहे. रोज पाथरीहून एस.टी.नं येते. वडील तात्याराव, तिथल्या भीमनगरातले शिक्षक. मी असल्या गोष्टी पाहत नाही, नोंद म्हणून लिहिलं.

६ ऑगस्ट
टाईप करताना कुसुमबाईनं यादी वाचलेली दिसते. त्रेसष्टावं काम मी घेऊ का, असं विचारत होती. त्यांना नवखाच माणूस पाहिजे, म्हणाली. मी सांगितलं की ना-हरकत आल्यावर कमिटी होईल आणि कामं ज्येष्ठतेनुसार वाटली जातील. उदाहरणांसाठी रोज पंधरा मिनिटं कॉम्प्युटर मागत होती. धुळीचं कारण सांगितलं. धूळ खरंच फार आहे.
मॅन्युअलची झेरॉक्स मात्र दिली. मला तिचा उपयोग नव्हता.

२३ ऑगस्ट
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाच ते सात गाभा. दोनशे पानी रजिस्टर आणलं. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर अनुक्रमणिका. सध्या नुसते आकडे टाकले आहेत.

२४ ऑगस्ट
साडेसातला उठलो.

६ सप्टेंबर
फ्लोचार्टला सुरुवात. पहिला चौकोन झाला: START. उत्साहाच्या भरात शेवटचाही करून टाकला: STOP. आता फक्त मधला भाग राहिला.

३० सप्टेंबर
पहाटे मांडणीवरची भांडी वाजली. लातूरकडे मोठा भूकंप. रेडिओवर आकडे सांगत होते, दर बातमीला वाढत होते. ही रडत होती. मी शेजारी बसून होतो. काय वाटायला पाहिजे ते माहीत होतं, वाटलं मात्र नाही.

४ ऑक्टोबर
कॉलेजात स्वयंसेवकांची यादी फिरली. कपडे गोळा करणे, धान्याची पोती बांधणे, ट्रकबरोबर जाणे. कुसुमबाईनं पोत्यांपुढे सही केली. भगवानराव, साठीला आलेला माणूस, ट्रकबरोबर गेले. मी सही केली नाही. एका माणसानं एका वेळी दोन ठिकाणी स्वयंसेवक असू नये, दोन्ही कामांना न्याय मिळत नाही.

२० नोव्हेंबर
ना-हरकतीची फाईल कुठे आहे कोणालाच सांगता येत नाही. तरी मी थांबणार नाही. सोमवारपासून आठ दिवस अर्जित रजा टाकली. घरी बसून गाभा पूर्ण. घरी कॉम्प्युटर नाही, पण अशी कामं आधी डोक्यात व्हावी लागतात.

२५ नोव्हेंबर
हिनं तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. सोलताना डोकं मोकळं असतं. गाभ्याविषयी विचार केला. नेमका काय ते आता आठवत नाही.

२९ नोव्हेंबर
मधल्या भागात एक चौकोन काढला. रिकामा आहे, पण जागा धरली.

१ डिसेंबर
कामावर हजर. माझ्या मागे कॉम्प्युटर रूम उघडली गेली. परीक्षेच्या बैठक क्रमांकांची यादी तातडीनं हवी होती, म्हणून भगवानरावांनी मुंजाजी शिपायाला डुप्लिकेट किल्लीनं कुलूप काढायला लावलं. कुसुमबाईनं भाच्याच्या फ्लॉपीवरचा प्रोग्राम घालून चारशे नावं दुपारच्या आत क्रमानं लावून दिली. मला दरवर्षी चार दिवस लागतात, पण माझी यादी हाताची असते.
इतकंच नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत तिनं मॅन्युअलमधली सगळी उदाहरणं करून पाहिली. जिथं कळलं नाही अशा अठ्ठावन्न जागा टाईप केल्या आणि एअरमेलनं अमेरिकेला पाठवून दिल्या. कोणालाही न विचारता. मी तिला शिस्तीबद्दल चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावलो नाही. डुप्लिकेट किल्ली तेवढी ताब्यात घेतली.

१७ जानेवारी १९९४
शुक्रवारी सरकारनं मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. आंबेडकरांचं नाव घातलं. सोळा वर्षं चाललं होतं. आज कुसुमबाईनं पेढे आणले. एकेकाच्या टेबलापाशी थांबून देत होती. तिच्या चुलत्याचं घर अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जळालं होतं, हे तिनं आज पहिल्यांदा सांगितलं, ते सुद्धा मुंजाजीला. मी ऐकलं.
भगवानरावांनी दोन खाल्ले आणि डोळे पुसले. आमच्या लेखापालांनी शुगर आहे म्हणून घेतला नाही, आणि नंतर चहात तीन चमचे साखर घातली. मी असं वागत नाही. मी पेढा घेतला. दाढ ठणकते म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला.

१९ जानेवारी
ड्रॉवरमध्ये मुंग्या झाल्या. मुंजाजीनं ड्रॉवर झटकला तेव्हा कुसुमबाई समोरच होती. दाढेचं सांगणार होतो. ती टाईप करत होती, म्हणून राहू दिलं.

८ फेब्रुवारी
फाईल परत आली! दोन शेरे आहेत. एक: सदर संस्था नोंदणीकृत आहे काय? दोन: मोबदला नसल्यास काम करण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा व्हावा. पहिल्याचं उत्तर भाच्याकडून मागवलं. दुसऱ्यावर दुपारभर बसलो. कोरा कागद फाईलला लावून ठेवला.

११ फेब्रुवारी
भाच्याचं पत्र. लिहितो: 'मामा, सॉरी, ती यादी जुनी होती. गाभा कुणा कॉलेजातल्या पोरानं दोन वर्षांपूर्वीच घरी बसून लिहून टाकलाय आणि तो चालतोय.' मी पत्राची घडी घातली. चहा घेतला. थोडा गार होता.

१२ फेब्रुवारी
विचाराअंती ठरवलं की काम चालू ठेवायचं. जगात दोन गाभे असायला हरकत नाही. सोमवारपासून पहाटे पाच.

२ मार्च
अमेरिकेहून पाकीट. मुंजाजीनं सवयीनं माझ्या टेबलावर ठेवलं. वर नाव कुसुमबाईचं, इंग्रजीत, आडनावासकट. तिला बोलावून दिलं. अठ्ठावन्नपैकी एक्कावन्न जागा त्यांनी दुरुस्त केल्या आहेत. नव्या आवृत्तीत तिचं नाव छापणार. आणखी कोणी मदत केली असेल तर त्यांचीही नावं कळवा, प्रत्येकापुढे त्यानं केलेलं काम लिहा, असंही आहे. भगवानरावांनी ते पत्र सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. मी उभा राहून ऐकलं. पाठीत उसण भरली आहे.

३ मार्च
ती उत्तर टाईप करायला बसली. कागद मशीनवर चढवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, यादी तुमच्याकडं आली होती. तुमचं बी नाव घालते. नावापुढं काय काम लिहू?"
टोमणा नव्हता. तिचा चेहरा मी नीट पाहिला, टोमणा असता तर बरं झालं असतं. उद्या सांगतो म्हणालो.

४ मार्च
'मार्गदर्शन' लिहिलं, खोडलं. 'समन्वय' लिहिलं, खोडलं. मी परवानगी मागितली, रजा घेतली, कुलूप सांभाळलं. हे इंग्रजीत कसं लिहायचं सुचत नाही. मराठीतही नीट दिसत नाही. कुसुमबाईनं उत्तर टाईप करून ठेवलं आहे, माझ्यापुरती एक ओळ मोकळी सोडून. तिला म्हणालो, उद्या.

५ मार्च
शनिवार, अर्धा दिवस. उद्या म्हणालो. उद्या रविवार आहे हे नंतर लक्षात आलं.

७ मार्च
पाकीट तिच्या टेबलावर उघडंच होतं. चार वाजेपर्यंत ती थांबली. टपाल निघायची वेळ झाली तेव्हा तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी समोरचा कागद वाचत होतो, कोरा होता. मग तिनं पाकिटाला खळ लावली आणि तळहातानं दाबून बंद केलं. मला फार वाईट वाटलं.